प्रोस्टेट कॅन्सर: आधी इंजेक्शनं, मग रेडिएशन. काय, कधी आणि कसं सांभाळायचं

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आधी हार्मोनची इंजेक्शनं सुरू करू, मग रेडिएशन." बाहेर पडताना बाबा मला म्हणाले, "चिरफाड नाही म्हणजे सोपंच आहे की." मीही मान हलवली. पुढे प्रत्येक फेरीला त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं, की हा उपचार भयंकर नाही, पण लांबलचक आहे. आणि यातला जवळजवळ प्रत्येक त्रास साधारण ठरलेल्या वेळी येतो. ती वेळ आधी माहीत असली की बऱ्याच गोष्टींची तयारी करता येते. आम्हाला ही माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली, बहुतेक वेळा त्रास होऊन गेल्यावर. म्हणून ती इथे क्रमाने लिहितो आहे. औषध कोणतं, किती आणि किती काळ, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, आणि घरी आल्यावर काय करायचं, एवढ्यासाठी हा लेख.

दोन्ही उपचार एकत्र कशासाठी

'हार्मोन थेरपी' हे नाव फसवं आहे. यात हार्मोन देत नाहीत, बंद करतात. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतात, आणि कॅन्सर झालेल्या पेशीही त्याला अपवाद नसतात. शिकागोचे सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं की हे पोषण तोडलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही आक्रसतो. त्या कामासाठी १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा त्यासाठी वृषणं काढावी लागत किंवा स्त्री-हार्मोन द्यावं लागे. आता इंजेक्शनने किंवा गोळीने भागतं.

इंजेक्शन काम कसं करतं ते समजून घेतलेलं बरं, कारण सुरुवातीच्या गोळ्यांचं कोडं त्यानेच सुटतं. मेंदूतून ठरावीक अंतराने एका संदेशाची छोटी लाट पिट्युटरी ग्रंथीकडे जाते आणि तिथून वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा हुकूम सुटतो. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही औषधं त्या संदेशाची नक्कल करतात, पण अधूनमधून नाही, अखंड. सतत कुणी दार वाजवत राहिलं की आतला माणूस शेवटी लक्ष देणं सोडतो, तसं पिट्युटरीचं होतं, आणि तीनचार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. मात्र त्याआधी, पहिल्या आठवड्यात, ते उलट थोडं वाढतं. ती उसळी कॅन्सरपर्यंत पोचू नये म्हणून इंजेक्शनच्या थोडं आधीपासून किंवा बरोबरीने काही आठवडे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. या गोळ्या लिहून दिल्या असतील तर 'इंजेक्शन झालंय, आता गोळी कशाला' म्हणून टाळू नका. डेगॅरेलिक्सचं इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची रोजची गोळी यांची रीत वेगळी आहे. ती पिट्युटरीचा रस्ताच अडवतात, त्यामुळे उसळी येत नाही आणि परिणाम काही दिवसांत दिसतो. रोजची गोळी असेल तर ती खरोखर रोज घ्यावी लागते. दिवस चुकले की टेस्टोस्टेरॉन पुन्हा डोकं वर काढतं.

आता रेडिएशन. ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, त्यात शेकण्यासारखं काही नसतं. किरण कॅन्सरच्या पेशींमधला डीएनए तोडतात. पेशी ती मोडतोड दुरुस्त करायला बघते, आणि त्या दुरुस्तीला टेस्टोस्टेरॉनची मदत होते. ती मदत आधीच काढून घेतली की तोच शेक जास्त लागू पडतो. शिवाय दोनतीन महिन्यांच्या इंजेक्शनांनी प्रोस्टेट लहान होते, म्हणजे किरण मारायची जागाही लहान होते. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९७ साली आले. गाठ आजूबाजूला वाढलेल्या रुग्णांमध्ये, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर ६२ टक्के हयात होते, तर रेडिएशनबरोबर तीन वर्षं हार्मोन इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ७९ टक्के. तेव्हापासून ही जोडी पक्की झाली.

इंजेक्शनं किती काळ, हे धोक्याच्या गटावर ठरतं. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाण), ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) आणि गाठ कुठवर गेली आहे, या तिन्हींवरून गट काढतात. मध्यम धोक्यात बहुधा चार ते सहा महिने, जास्त धोक्यात दीड ते तीन वर्षं. कमी धोक्याच्या कॅन्सरला बहुतेक वेळा हार्मोनची गरजच नसते. आपला गट कोणता, हा पहिला प्रश्न विचारा आणि उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फार जास्त धोका असेल तर अॅबिराटेरॉनच्या गोळ्याही जोडतात. त्यांच्यासोबत स्टेरॉइडची छोटी गोळी असते, आणि रक्तदाब, पोटॅशियम आणि लिव्हर यांची तपासणी नेमाने करावी लागते.

पहिल्या इंजेक्शनच्या आधीचे पंधरा दिवस

माझ्या मते हे सगळ्यांत मोलाचे दिवस, आणि आम्ही ते वाया घालवले. रिपोर्टच्या धक्क्यात सगळ्यांना एकच घाई असते, उद्याच सुरू करा. पण प्रोस्टेट कॅन्सर बहुतेकदा हळू चालतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर तयारीसाठी घेतलेल्या दोन आठवड्यांनी नुकसान होत नाही.

आधी रक्त. पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्या. सुरुवातीचा आकडा नसेल तर पुढे 'किती उतरलं' आणि 'परत आलं का' हे कशाशी ताडून बघणार? हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, लिव्हर आणि ड जीवनसत्त्व हेही तपासून घ्यावं. इंजेक्शनांमुळे साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं, हिमोग्लोबिन थोडं उतरू शकतं. मधुमेह असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच सांगा, औषध वाढवावं लागण्याची शक्यता असते. हार्ट अॅटॅक येऊन गेला असेल, स्टेंट असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना एकदा भेटून मगच इंजेक्शन घ्या. औषध निवडताना ही माहिती लागते.

मग हाडं. टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं विरळ होऊ लागतात, आणि पहिल्या वर्षात सगळ्यांत वेगाने. म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. कॅल्शियम अन्नातलं धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम व्हावं. त्याहून जास्त गोळ्या खाण्यात फायदा नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं. हाडं आधीच कमकुवत निघाली तर झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब देतात. ते सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. ही औषधं चालू असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड न भरून येण्याचा धोका असतो. बाबांची एक दाढ वर्षभर दुखत होती आणि ते 'बघू' म्हणत होते. डेंटिस्टकडे जायला खरी योग्य वेळ हीच होती.

रेडिएशनच्या डॉक्टरांना काही गोष्टी न विचारताही सांगा. आतड्याला सूज राहण्याचा जुना आजार, पूर्वी झालेलं प्रोस्टेटचं किंवा पोटाचं ऑपरेशन, खुब्याचं सांधेरोपण, पेसमेकर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. लघवीची धार आधीच फार बारीक असेल तर तेही. मूळव्याधीतून रक्त जात असेल तर आत्ताच नोंद करून ठेवा, नाहीतर पुढे रक्त दिसलं की ते कशाचं, याचा घोळ होतो.

मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याची सोय इंजेक्शनच्या आधीच करावी लागते. वय कमी असलेल्यांनी हे संकोच न करता विचारावं.

आणि बायकोशी बोला. सविस्तर, दार लावून. पुढच्या काही आठवड्यांत शरीरसंबंधांची इच्छाच मावळणार आहे, आणि ती औषधाने मावळणार आहे. हे तिला आधी माहीत नसेल तर ती मनात भलतेच अर्थ लावत बसते. आमच्या घरी हे कुणीच बोललं नाही. आईला वाटत राहिलं की बाबा तिच्यावर नाराज आहेत. हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

इंजेक्शनांचे महिने

इंजेक्शन कधी महिन्याचं, कधी तीन किंवा सहा महिन्यांचं असतं. गोसेरेलिनचा छोटा दाणा पोटाच्या त्वचेखाली सोडतात, त्याची सुई जरा जाड असते. डेगॅरेलिक्सचं इंजेक्शन देतात त्या जागी लाल, दुखरी गाठ उठते, ती काही दिवसांत बसते. पुढच्या इंजेक्शनची तारीख मोबाइलवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे लिहा. प्रवास असेल तर तारखेबद्दल आधी बोलून घ्या, तारीख परस्पर पुढे ढकलू नका.

पहिला त्रास बहुतेकांना दुसऱ्या महिन्यापर्यंत जाणवतो. अचानक छातीपासून डोक्यापर्यंत अंगाची लाही, मग घामाच्या धारा, मग थंडी. काही मिनिटांत ओसरतं, पण रात्री चारपाच वेळा झालं की झोपेचं खोबरं होतं. अंगावर एकाच जाड कपड्याऐवजी सुती कपड्यांचे दोन थर ठेवा, म्हणजे एक काढता येतो. उशाशी पंखा, कोरडा बनियन आणि पाणी असू द्या. गरम पेय, तिखट, दारू यांनी वाढतं का, हे आठवडाभर वहीत टिपा. माणसागणिक कारण वेगळं असतं. तरीही सोसवत नसेल तर यावर औषधं आहेत. 'बायकांना होतं तेच, यात काय सांगायचं' म्हणून बाबा गप्प राहिले. सांगितल्यावर मात्र गोळीने पंधरवड्यात फरक पडला.

थकवा हळूहळू येतो आणि त्याचं मूळ स्नायूंमध्ये असतं. टेस्टोस्टेरॉन नसलं की स्नायू झडतात, चरबी वाढते, पोट सुटतं. वजनकाटा तोच आकडा दाखवत असला तरी आतून अदलाबदल चालू असते. विश्रांतीने हा थकवा जात नाही, वाढतो. यावर सगळ्यांत खात्रीचा इलाज व्यायाम, आणि नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला एकूण १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, आणि शिवाय दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दंड काढा, जिन्याच्या पायरीवर टाचा उचला, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचला. आधी एक फेरी, मग दोन, मग तीन. कॅन्सर हाडांत पोचला असेल तर मात्र कोणता व्यायाम चालेल ते आधी विचारा. खाण्यात प्रथिनं वाढवा, धूम्रपान सोडा, आणि घरातले पाय अडकतील असे पायपुसणे उचलून ठेवा. विरळ हाडं असताना एक पडणं फार महाग पडतं.

मनाचं काय होतं, याची कल्पना आम्हाला कुणी दिली नव्हती. आयुष्यात कधी न रडलेल्या माणसाचे डोळे नातीचं हस्ताक्षर बघून भरून यायचे. नावं आठवायची नाहीत, चिडचिड व्हायची. आई घाबरली, तिला वाटलं त्यांनी धीर सोडला. एका नर्सबाईंनी सांगितलं, "काका हरलेले नाहीत, औषधाचं आहे हे." त्या एका वाक्याने घर सावरलं. तरीही उदासी दोनतीन आठवडे हलत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आता औषधाचा किरकोळ परिणाम राहिला नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.

ताठरता जाते, लिंग आणि वृषणं आकाराने थोडी लहान होतात. हे अपेक्षित असतं. गोळ्या, व्हॅक्यूम पंप असे मार्ग आहेत आणि सुरुवातीपासून वापरले तर पुढे उपयोग होतो असं बरेच डॉक्टर मानतात. पण एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे चालू असेल तर ताठरतेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम कोसळतो. बायकॅल्युटामाइड एकटंच आणि दीर्घकाळ चालू असेल तर छाती दुखरी होऊन फुगते. यावर प्रतिबंधक उपाय सुरुवातीलाच करता येतो, एकदा छाती वाढली की ती सहसा आपोआप ओसरत नाही.

आता एक धोक्याची जागा. दोनतीन महिन्यांत पीएसए एकदम खाली येतो, कधी ०.१ पर्यंत. घरात पेढे वाटावेसे वाटतात आणि कुणीतरी म्हणतं, आता रेडिएशन कशाला? हा आकडा म्हणजे कॅन्सर संपला असं नाही. पेशींचं पोषण तुटल्यामुळे त्या गप्प बसल्या आहेत. रेडिएशन याच वेळी करायचं असतं. याच काळात टेस्टोस्टेरॉनही एकदा तपासून घ्या. ते डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असायला हवं.

रेडिएशनची तयारी

इंजेक्शनं सुरू होऊन साधारण दोनतीन महिने झाले की रेडिएशनची तयारी सुरू होते. काही ठिकाणी आधी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तीन बारीक दाणे ठेवतात. रोज मशीनवर त्या दाण्यांवरून प्रोस्टेटची नेमकी जागा कळते. काही ठिकाणी प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये जेल भरतात, त्याने गुदाशय किरणांपासून थोडा दूर राहतो. ते जेल काही महिन्यांत विरून जातं. दोन्ही गोष्टी सगळीकडे करतातच असं नाही, आणि त्या नसल्या म्हणजे उपचार कमअस्सल ठरत नाही.

मग प्लॅनिंगचा सीटी स्कॅन. तुम्हाला ज्या स्थितीत झोपवतात, ती तशीच्या तशी रोज जुळवायची असते, म्हणून त्वचेवर टोचून दोनतीन ठिपके देतात. ते कायमचे राहतात. स्कॅननंतर एक ते तीन आठवडे फोन येत नाही. काळजी करू नका. डॉक्टर त्या स्कॅनवर प्रोस्टेट, मूत्राशय, गुदाशय यांच्या कडा एकेका चित्रावर आखत असतात आणि फिजिसिस्ट किरणांचा हिशेब मांडत असतात.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो मूत्राशय भरण्याचा आणि पोट साफ ठेवण्याचा, म्हणून इथे जरा थांबतो.

मूत्राशय भरलेलं असलं की ते आतड्याला वर ढकलतं आणि स्वतःचाही बराच भाग किरणांच्या वाटेतून वर सरकतो. गुदाशयात मळ किंवा गॅस भरला असेल तर तो प्रोस्टेटला पुढे ढकलतो, एखाद्या सेंटिमीटरनेसुद्धा. आणि योजना तर मिलिमीटरमध्ये आखलेली असते. पद्धत सहसा अशी: लघवी पूर्ण करून घ्या, मग ठरलेलं पाणी, बहुधा ३५० ते ५०० मिलिलिटर, ठरलेल्या वेळात प्या आणि अर्धा ते एक तास थांबा. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा, तुम्हाला दिलेला तोच पाळा. 'जास्त प्यायलं तर जास्त चांगलं' असं इथे नाही. प्लॅनिंगच्या दिवशी मूत्राशय जेवढं भरलं होतं तेवढंच रोज भरायला हवं. म्हणून त्या दिवशीही ताण देऊन, न झेपेल एवढं पाणी पिऊन जाऊ नका, नाहीतर पुढे रोज तेवढंच धरून ठेवावं लागेल.

सुरू व्हायच्या आठवडाभर आधी घरी सराव करा. पाणी प्या, घड्याळ लावा, किती वेळ आरामात थांबता येतं ते बघा. आदल्या दिवशीचं पाणी कमी पडलं असेल तर सकाळी प्यायलेलं पाणी शरीरच शोषून घेतं आणि मूत्राशय भरतच नाही. आम्हाला हे चौथ्या दिवशी कळलं. चहा-कॉफी मूत्राशयाला चेतवते, ती उपचारानंतर घ्या.

पोटासाठी तुमच्या नेहमीच्या वेळेला शौचाला जायची सवय आधीपासून पक्की करा. वातूळ पदार्थ, सोडा, घाईघाईत गिळलेलं जेवण यांनी गॅस होतो. सौम्य रेचक किंवा छोटा एनिमा दिला असेल तर तो लाजून टाळू नका. कधीकधी टेबलावर घेतल्यावर स्कॅनमध्ये गॅस दिसतो आणि 'उठा, जाऊन या, परत पाणी प्या' असं सांगतात. तो अपमान नाही, तुमची काळजी आहे. मशीन अडकून उशीर झाला आणि लघवी आवरत नसेल तर टेक्नॉलॉजिस्टना लगेच सांगा. बाबांना एकदा बाकावर बसल्याबसल्या आवरलं नाही. त्यानंतर आम्ही पिशवीत पँट आणि टॉवेल ठेवायला लागलो, आणि त्या एका पिशवीने त्यांची सगळी धास्ती गेली.

रोजच्या फेऱ्या

प्रत्यक्ष उपचाराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दहा-पंधरा मिनिटं स्थिर पडून राहायचं, त्यात किरण चालू असतात ते काहीच मिनिटं. दुखत नाही, भाजत नाही. खोलीत एकटे असलात तरी कॅमेऱ्यावर लोक बघत असतात आणि बोलताही येतं. सोमवार ते शुक्रवार रोज. पूर्वी ३७ ते ३९ फेऱ्या असत. रोजचा डोस थोडा वाढवून २० फेऱ्यांत, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) देऊन, तेवढंच यश मिळतं हे ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने २०१६ साली दाखवलं, त्यामुळे आता अनेकांचं चार आठवड्यांत आटोपतं. निवडक रुग्णांना पाचच फेऱ्या देतात. लिम्फ नोड्सनाही (ओटीपोटातल्या लसिका गाठींना) किरण द्यायचे असतील तर फेऱ्या वाढू शकतात आणि पोटाचा त्रास जरा जास्त होतो.

बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर तुमच्या अंगातून किरण निघत नाहीत. नातवंडांना मांडीवर घ्या, गरोदर सुनेशेजारी बसा, काही होत नाही. प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी दाणे कायमचे ठेवले असतील तर मात्र लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही काळ अंतर राखायला सांगतात.

पहिले दहा-बारा दिवस काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला वारंवार जावं लागतं, जळजळ होते, धार अडते, रात्री चार वेळा उठावं लागतं. लोक पाणी कमी करतात, ती चूक. पाणी कमी झालं की लघवी दाट होऊन जास्त झोंबते. दिवसा भरपूर प्या, झोपायच्या दोन तास आधी कमी करा. जंतुसंसर्ग नाही ना, हे लघवी तपासून बघावं लागतं, आणि टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने धार मोकळी होते. ही गोळी सुरू केल्यावर रात्री पलंगावरून झटकन उठू नका, चक्कर येते.

शौचाला घाई होते, पातळ होते, आव पडते, गुदद्वारापाशी कळ येते. या काळात कोंडा आणि कच्चं खाणं कमी करा, कुंथू नका, कोमट पाण्याने धुवा, घासू नका. जुलाबाची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, विचारून घ्या. आठवड्यातून एकदा डॉक्टर भेटतात तेव्हा वहीतून वाचून दाखवा: रात्री किती वेळा, शौचाला किती वेळा, जळजळ आहे का. 'ठीक आहे' या उत्तराने कुणालाच काही कळत नाही. ताकदीची पावडर, जीवनसत्त्वांचे मोठे डोस, कुणी आणून दिलेला काढा, यातलं काहीही सुरू करण्याआधी बाटली नेऊन डॉक्टरांना दाखवा.

वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायची वेळ कोणती, ते सगळ्या घराला माहीत हवं. लघवी पूर्ण बंद होणं. लघवीत रक्ताच्या गाठी. थंडी वाजून ताप. छातीत दुखणं. एकाच पायाच्या पोटरीला अचानक सूज. पाठीत नवं, तीव्र दुखणं आणि त्याबरोबर पाय लुळे पडल्यासारखे वाटणं किंवा जांघेत बधिरता. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ही खूण असते आणि तिथे तास मोजावे लागतात.

शेवटच्या फेरीनंतर

शेवटच्या फेरीनंतर एक-दोन आठवडे लघवी-शौचाचा त्रास कमी होण्याऐवजी थोडा वाढू शकतो, कारण किरणांचा परिणाम अजून चालू असतो. बहुतेकांचा तो सहा ते आठ आठवड्यांत ओसरतो. इंजेक्शनं मात्र ठरलेल्या मुदतीपर्यंत चालूच राहतात. 'रेडिएशन झालं, आता सगळं झालं' या समजुतीने ती सुटतात, असं होऊ देऊ नका.

पीएसए पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तपासतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. प्रोस्टेट अंगातच असते, त्यामुळे ऑपरेशन झालेल्या माणसासारखा शून्याचा आग्रह इथे नसतो. सगळ्यांत खालच्या आकड्यापेक्षा मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमने वर गेला तर कॅन्सर परतल्याची शंका घेतात. त्याच्या आतले चढउतार पुष्कळदा निरुपद्रवी असतात. इंजेक्शनं थांबल्यावर एक खास गोष्ट घडते. टेस्टोस्टेरॉन परत येऊ लागतं तसा पीएसएही थोडा वर सरकतो. आमच्या घरी ०.१ चा ०.४ झाला त्या रात्री कुणी झोपलं नाही. बरोबरीने टेस्टोस्टेरॉन तपासलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर दोन मिनिटांत समजावू शकले. तुम्हीही पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉन मागून घ्या.

ते परत यायला शेवटच्या इंजेक्शनचा असर संपल्यावरही सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्त. वय जास्त आणि इंजेक्शनं दीर्घकाळ घेतलेली असतील तर ते पूर्ण परत येईलच असं नाही. घामाचे लोंढे आणि थकवा त्याच वेगाने कमी होतात, म्हणून व्यायाम, कॅल्शियम, साखर-कोलेस्टेरॉलची तपासणी हे सगळं या काळातही चालू ठेवा.

सहा महिन्यांपासून दोनतीन वर्षांपर्यंत कधीतरी शौचातून लाल रक्त दिसू शकतं. किरणांमुळे गुदाशयाच्या आतल्या बाजूला नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात, त्या फुटतात. बहुतेक वेळा ते आपोआप किंवा साध्या औषधाने थांबतं, पण दुसरं कारण नाही ना हे तपासायलाच हवं. त्या तपासणीला जाताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "मला प्रोस्टेटचं रेडिएशन झालंय. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढण्याआधी माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला." किरण झालेल्या त्या जागेवरची जखम कधीकधी भरत नाही, प्रोस्टेट किंवा मूत्रमार्गापर्यंत छिद्र पडतं, आणि तो त्रास कॅन्सरपेक्षा अवघड होऊन बसतो.

म्हणून रेडिएशन संपल्यावर डिस्चार्जचा कागद मागून घ्या. एकूण डोस, फेऱ्या किती, सुरू आणि संपल्याची तारीख, लिम्फ नोड्सना किरण दिले की नाही, शेवटचं हार्मोन इंजेक्शन कधी. बाबांच्या पाकिटात त्याची घडी घातलेली झेरॉक्स असते आणि आईच्या व माझ्या मोबाइलमध्ये फोटो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तरी ते आधी तो कागद काढून दाखवतात.